तिसऱ्या ठोक्यावरचं नाव

माझ्या बायकोचा, यंगरानचा, साठीच्या उंबरठ्यावर एकदम पाच पोरांवर जीव जडला. त्या पाचही पोरांचे माझ्यावर उपकार आहेत. टॅक्सीत बसलेल्या गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं की तो आरशातून माझा चेहरा नीट न्याहाळून घेतो. न्याहाळू दे. ज्याच्या घरात बोलणं बंद झालं आणि पुन्हा सुरू झालं, त्यालाच मी काय म्हणतो ते कळेल.

यंगरान जांगहंगची. समुद्राकाठचं गाव, वाऱ्यावर मात करून बोलायची सवय. शाळा सुटल्यावर सोलमध्ये शिवणकामाच्या कारखान्यात आली, तिथं शिलाई मशिनींच्या खडखडाटात तो आवाज आणखी चढला. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "पोरगी गुणाची आहे, पण ही कानात सांगते ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं." पुढं ती एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. भातातले काळ्या सोयाबीनचे दाणे वेचून बाजूला काढणारं पोर जेवणघराच्या कुठल्याही कोपऱ्यात बसलेलं असो, ती हातातला डाव न ठेवता त्याच्या नावानं हाक मारायची आणि पोर मुकाट्यानं दाणे गिळायचं. शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव तिला पाठ होतं. नाव घेऊन वाढलं की पोर पोटभर जेवतं, असं तिचं म्हणणं.

मग तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ निघाली. शस्त्रक्रिया चांगली झाली, गाठ गेली, पण गाठीबरोबर आवाजही गेला. आवाजाची नस दुखावली होती. नुसती हवा बाहेर यायची. स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजात तिचं बोलणं कुणाला ऐकू येईना, म्हणून तिनं नोकरी सोडली. घरी आल्यावर ती पाहुण्यासारखी वावरायला लागली. मला हाक मारायची झाली तर टेबलावर चमचा वाजवायची.

दवाखान्यातली बाई सांगायची, रोज थोडं मोठ्यानं बोला, लहान लहान शब्द, प्रत्येकानंतर श्वास घ्या. यंगरानला लाज वाटायची. नुसतं आ, ए, ई करत बसायचं म्हणजे काय, मी काय तान्हं बाळ आहे का, असं ती कागदावर लिहून दाखवायची. मी समजावलं, रागावलो, आमची मुलगी हेवन ग्वांगजूहून फोनवर रडली. काही उपयोग झाला नाही.

एके दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो तर टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. ओन्गी नावाची पाच पोरांची टोळी नाचत होती. ओन्गी म्हणजे ऊब. नाव छान, पण त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. कंपनी लहान, पाच वर्षं धडपडूनही नाव नाही, गाणं नुकतंच आलेलं आणि आल्या आल्या बुडालेलं. यंगरान मात्र पोरांकडे बघत नव्हती. तिचं लक्ष प्रेक्षकांत बसलेल्या मूठभर मुलींकडे होतं. गाणं सुरू होण्याआधी ढोलाचे पाच ठोके पडायचे आणि प्रत्येक ठोक्यावर त्या मुली एकेका पोराचं नाव ओरडायच्या. मा तेग्यू. बांग सोरो. चा उरिम. क्वोक हानिल. यो जेहा. एक नाव, एक श्वास. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलेलं तंतोतंत तेच.

दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर बूट काढत होतो आणि आतून हवेसारखं काहीतरी ऐकू आलं. "मा... तेग्यू. बांग... सोरो." मी दाराबाहेरच बसून राहिलो. आत गेलो असतो तर ती थांबली असती.

त्यानंतर रोज ते पाच ठोके. आधी हवा, मग खरखर, मग फाटकं का होईना पण माणसाचं बोलणं. पोरांची नावं म्हणता म्हणता तिला त्यांचं सगळं ठाऊक झालं. तेग्यू सगळ्यात थोरला, तोच पुढारी. उरिमला गाजर आवडत नाही. जेहा नाचताना डावा पाय ओढतो. मी म्हणालो, "अगं, म्हातारपणी हे काय चळ लागले तुला?" त्यावर आवाज गेल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य तिनं मला ऐकवलं. "तुम्ही गप्प बसा हो, चौथा ठोका चुकला माझा."

मी गप्प बसलो, आणि आयुष्यात गप्प बसण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढं ती तो कार्यक्रम जिथं व्हायचा त्या टीव्हीच्या हॉलमध्ये जायला लागली. मी सोडायला जायचो. मला धाकधूक होती की त्या कोवळ्या पोरी हिला हसतील. पण रांगेची व्यवस्था बघणारी दानबी नावाची मुलगी, दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची, तिनं हिला मिठीच मारली. "मावशी, तुम्ही ओरडू शकता ना? मग आम्हाला बाकी काही नको. आज आम्ही इतक्या कमी आहोत की टीव्हीवर शांतता ऐकू जाईल." हॉलमधला माणूस दर वेळी येऊन सांगायचा, घरी बसलेल्यांना ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर पोरं रिकाम्या खोलीत नाचतायत असं वाटतं. ज्यांच्या नावानं ओरडणारं कुणी नाही, त्यांना टीव्ही पुन्हा बोलावत नाही. सगळ्या पोरींना हे पक्कं माहीत होतं. यंगरान घरून भाताचे गोळे वळून न्यायची, आत सुकी मासळी परतून भरलेली, आणि रांगेत प्रत्येकीला नाव विचारून वाढायची.

पुढच्या वर्षी वसंतात उरिम टोळी सोडून गेला. स्टेजवर जायची वेळ झाली की त्याला श्वास घेता यायचा नाही, हातपाय गार पडायचे. तो तोंगयंगला वडिलांच्या कालवांच्या धंद्यात परत गेला. कंपनीनं दोन ओळींत कळवलं आणि त्या दिवसापासून त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. टीव्हीवाल्यांनीही जुन्या दृश्यांतून त्याला शिताफीनं वगळलं. काही पोरींनी त्याला पळपुटा म्हटलं, काही रडल्या. यंगरान एवढंच म्हणाली, "ज्याला श्वास घेता येत नाही त्याला पळपुटा म्हणणाऱ्यांनी आधी माझ्याकडे यावं."

आणि नशीब बघा, त्याच शरदात त्यांचं घोडं गंगेत न्हालं. शनिवार-रविवारच्या एका कार्यक्रमात नटनट्यांना खेड्यात कामाला जुंपतात, तिथं हानिल ओहोटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतला. बाहेर काढायला माणसं येईपर्यंत शेजारी शिंपले वेचणाऱ्या आजीला त्यानं वेळ जावा म्हणून ते बुडालेलं गाणं म्हणून दाखवलं. आजी म्हणाली, "गातोस बरा, पण हलू नकोस, आणखी आत जाशील." तेवढा तुकडा देशभर फिरला. जुनं गाणं वर वर चढत गेलं. मेलेलं गाणं उठून चालायला लागलं की आमच्याकडे टीव्हीवाले दारात रांग लावतात. ओन्गीला पुन्हा बोलावलं आणि या खेपेला आठवड्यातल्या पहिल्या नंबरासाठी त्यांचं नाव लागलं.

पण गाणं होतं पाच जणांच्या वेळचं. ठोके पाच, पोरं चार. कंपनीनं नवा नियम काढला: तिसऱ्या ठोक्यावर नाव घ्यायचं नाही, 'ओन्गी' म्हणायचं. दानबीनं सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. यंगराननंही केलं. घरी भांडी घासताना ती अगदी बरोबर म्हणायची.

त्या दिवशी मी हॉलच्या मागच्या रस्त्यावर टॅक्सी लावून मोबाईलवर कार्यक्रम बघत होतो. तिथं पोरींना न्यायला आलेल्या आईबापांच्या गाड्यांची नेहमीच रांग असते, कुणी पेंगत असतं, कुणी रामयॉनच्या शेवया खात असतं. कार्यक्रम चालू असतानाच प्रेक्षकांनी मतं पाठवायची असतात. मी सकाळपासून टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला गळ घातली होती. एका वकिलानं विचारलं, "मत दिलं नाही तर?" मी म्हणालो, "तर विमानतळाचा रस्ता मला आठवणार नाही." त्यानं विमानतळावर उतरताना वेळ लक्षात ठेवून मत पाठवायचं कबूल केलं. 

आणि ते जिंकले. सात वर्षांत पहिल्यांदा. कागदाचे तुकडे उडाले, तेग्यूच्या हातात विजेत्याची ढाल आली, चारही पोरं ओक्साबोक्शी रडायला लागली. पुढच्या गाडीतला बाप खाली उतरून माझ्या काचेवर थापा मारत होता, त्याच्या मुलीचा आणि ओन्गीचा काही संबंध नसताना. मी पण रडलो, का लपवू.

जिंकणाऱ्यानं तेच गाणं पुन्हा म्हणायचं असतं, तेव्हाच्या तेव्हा, आधी भरून ठेवलेल्या आवाजाची मदत न घेता. पोरांना खरंच गाता येतं का, हे तेव्हा सगळा देश कान टवकारून ऐकतो. ठोके सुरू झाले. मा तेग्यू. बांग सोरो. आणि तिसऱ्या ठोक्यावर शेकडो पोरी 'ओन्गी' म्हणाल्या, पण त्या सगळ्यांच्या वर, माईकच्या बरोबर खाली उभ्या असलेल्या एका बाईचा खरखरीत, दणदणीत आवाज गेला.

"चा उरिम."

त्या आवाजाबरोबर मी तीस वर्षांहून जास्त संसार केलाय. मला काही विचारायची गरज नव्हती.

तेग्यूनं पाठ फिरवली. पहिलं कडवं त्याचं. तो गायलाच नाही. बाकीचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले, सोरोनं कशीबशी मधूनच ओळ उचलली, आणि अर्ध्याहून जास्त गाणं नुसतं वाजत गेलं. सात वर्षांनी मिळालेली संधी, सगळा देश बघतोय, आणि पोरांच्या तोंडून सूर नाही.

यंगरान बाहेर आली. मागून दानबी धावत आली.

"मावशी, असं कसं झालं हो?"

"तोंडातून गेलं गं. जिभेला जुनीच वाट माहीत."

"कंपनी विचारतेय कुणाचा आवाज तो. मी सांगणार नाहीये."

"सांग," यंगरान म्हणाली. "माझाच आहे. पोरांच्या आनंदात माती कालवली ती मीच."

दानबीला सांगावंच लागलं. पुन्हा हॉलमध्ये यायचं नाही, असा निरोप कंपनीकडून आला. इंटरनेटवर तर नुसता धुमाकूळ. त्या म्हाताऱ्या बाईनं पोरांचा पहिला विजय नासवला, तिला घरी बसवा. माझा ताबा सुटला. मीही एक खातं उघडून एकाला लिहिलं, "तुझ्या आईला सांगू का तू मोठ्यांशी कसा बोलतोस ते?" त्याचं उत्तर आलं, "सांगा, ती माझ्या शेजारी बसून हेच लिहितेय." मी खातं बंद केलं.

बंद तर घरही झालं. यंगरान बोलेना. मी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे, नस छान हलतेय. मग? मग काही नाही, त्यांना बोलायचं नाहीये. पुन्हा टेबलावर चमचा वाजायला लागला. पहिल्या वेळी आजार होता, त्याला औषध होतं. आता मला भीती वाटायला लागली. माझ्या घरातलं माणूस माझ्यासमोर बसून माझ्यापासून लांब चाललं होतं आणि मी नुसता भाताचा वाडगा पुढं सरकवत होतो.

तेव्हा मला एक रस्ता सुचला. आमच्याकडे एक पद्धत आहे: टोळीच्या गाण्यांचे अल्बम विकत घ्यायचे, जितके अल्बम तितक्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी निघाली तर टोळीतला एक जण तुमच्याशी मोबाईलवर, चेहरा दाखवून, दोन मिनिटं बोलतो. कंपनीनं हॉलचं दार बंद केलं होतं, दुकानाचं नाही. मी हापजोंगच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "काका, तुमचा आवडता कोण?"

"माझी बायको," मी म्हणालो.

"तसं नाही, चिठ्ठी कुणाच्या नावावर टाकायची?"

मी तेग्यूच्या नावावर टाकायला सांगितली, बोलणारी म्हणून यंगरानचं नाव लिहिलं. पाठ त्यानं फिरवली होती. शिव्या द्यायच्या असतील तर त्यानं द्याव्यात, पण तिला एकदा समोरासमोर माफी मागता यावी, म्हणजे तिचा जीव मोकळा होईल, एवढाच माझा हिशोब. किती अल्बम घेतले ते विचारू नका. टॅक्सीची डिकी भरली. सूटकेसवाली गिऱ्हाइकं सोडून द्यावी लागत होती. चिठ्ठी निघाली.

तिला सांगितलं असतं तर ती आलीच नसती. मी म्हणालो, नदीकाठी वाम भाजून देतात ते नवं दुकान आहे, चल. नांजीजवळ हान नदीच्या काठाला गाडी लावली, मोबाईल समोर अडकवला. घंटी वाजली आणि पडद्यावर आधी एक मॅनेजर आला, मग तेग्यू. यंगराननं आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे असं पाहिलं की माझी बोबडी वळली. तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

"नमस्कार, यंगरान मावशी," तेग्यू हसून म्हणाला. "बोला ना."

ती कडी चाचपत राहिली. वेळ चालला होता. मीच तोंड उघडलं, "बाळा, मी हिचा नवरा. त्या दिवशी तिसऱ्या ठोक्यावर ओरडली ती हीच. मुद्दाम नव्हतं रे. तेव्हापासून बोलत नाही ती. तुला काय बोलायचं ते बोल, पण तिला एकदा..."

तेग्यूचं हसू गेलं. त्यानं बाजूला कुणाकडे तरी पाहिलं, बहुतेक मॅनेजरकडे. मग खुर्ची पुढं ओढून तो पडद्याजवळ आला.

"मावशी, त्या दिवशी आम्ही कपडे बदलत होतो तेव्हा मला एक फोन आला. तो गेल्यापासून त्यानं आमच्यापैकी कुणाचा फोन उचलला नव्हता. त्या दिवशी त्यानं स्वतःहून केला. म्हणाला, दादा, वडिलांबरोबर कालवं सोलत होतो, टीव्ही चालू होता, आणि माझं नाव ऐकलं. मला वाटलं होतं तिथं सगळ्यांनी मला पुसून टाकलंय. आता दर रविवारी फोन करतो. आम्हाला चौघांना टीव्हीवर त्याचं नाव घेता येत नाही. मला त्या दिवशी ते घ्यायचं होतं, ओठांवर होतं, आणि धीर झाला नाही. तेवढ्यात तुम्ही घेतलंत. म्हणून मला गाता आलं नाही. तुम्ही काही नासवलं नाहीत. ते कोण होतं हे मी सगळ्यांना विचारत होतो, आणि मला कुणी सांगत नव्हतं."

यंगरानचा हात कडीवरून खाली आला. तिनं घसा साफ केला. माफी मागेल, आभार मानेल, रडेल, काय वाटेल ते करो, पण आवाज निघू दे, एवढंच मनात.

"उरिम नीट जेवतो का?" तिनं विचारलं.

खरखरीत, पण स्पष्ट. आणि नाव घेऊन. पडद्याबाहेर कुणीतरी मोठ्यानं खोकलं. तेग्यू हसता हसता डोळे पुसायला लागला.

"जेवतो, मावशी. वजन वाढलंय म्हणतो."

"गाजर खातो?"

"ते नाही माहीत."

"विचार त्याला. आणि तुझे गाल असे का बसलेत? सकाळी भात खाल्लास का नुसती कॉफी प्यायलास?"

"कॉफी," तो शाळेतल्या पोरासारखा म्हणाला.

"तरीच," यंगरान म्हणाली, आणि पडदा काळा झाला. दोन मिनिटं संपली होती.

मी गाडी सुरू केली. पुलाच्या चढावर डिकीत काहीतरी घसरून धडाधड आदळलं.

"अहो, डिकीत काय आहे?"

मी सांगितलं.

मग ती जी सुरू झाली. डोकं ठिकाणावर आहे का, इतके अल्बम काय उरावर घ्यायचेत, एका घरात एक पुरतो, दुकानदारानं गंडवलं तुम्हाला, आणि मला फसवून आणलंत वर, वाम कुठाय वाम, मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय, आणि माझ्या पोरांसमोर मला न विचारता तोंड उघडता, ते अल्बम उद्याच्या उद्या माझ्या शाळेतल्या पोरांना नेऊन द्यायचे, सगळे, स्वतःच्या हातानं. आवाज चढत गेला. शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून आमच्याकडे पाहिलं. माझ्या कानठळ्या बसत होत्या. मी टॅक्सीचा रेडिओ बंद केला, म्हणजे तिचा एकही शब्द बुडायला नको.